कुणाला सोडायला आलात?

मार्च आला की खडकीच्या रस्त्यांवर पारदर्शक पाकिटं दिसायला लागतात. आत दोन पेनं, पट्टी, हॉलतिकीट आणि आईने कोंबलेली लिमलेटची गोळी. मुलं शेवटचं पान वाचत वाचत चालतात आणि खड्ड्यात पाय घालतात. शाळेच्या फाटकाबाहेर आया उभ्या असतात. पेपर मुलांचा, घाम आयांना. मी अख्खी नोकरी अशाच एका फाटकाच्या आत काढली. मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि दर मार्चला, पंख्याखाली फडफडणाऱ्या पेपरांवर डस्टर ठेवत सुपरव्हिजन केलं. आता निवृत्त आहे. पाकिटं दिसली की म्हणते, चला, सुटले एकदाची. पण सुटते कुठली! तो कोरडा वारा येतो, कडुनिंबाची पानं फरशीवरून सरसरत जातात, आणि मला शाळा आठवतच नाही. मला एक बाकडं आठवतं.

खडकी स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला, जिथे छप्पर संपतं आणि कडुनिंबाची सावली सुरू होते, तिथे एक सिमेंटचं बाकडं होतं. माझ्या दहावीचा मार्च मी त्या बाकड्यावर काढला. अभ्यास करते असं घरी सांगितलं होतं. केलाही. पण खरं सांगायचं तर मी गाड्या बघितल्या.

हसलात ना? हसा. सवय आहे मला. बाईने देऊळ बघावं, दर्गा बघावा, साड्या बघाव्यात, मुलासाठी मुलगी बघावी, अगदीच काही नाही तर शेजारणीच्या घरी कोण आलं ते पडद्याआडून बघावं. या सगळ्या बघण्याला मान्यता आहे. इंजिन बघायचं म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या घरच्यांकडे.

आम्ही पुण्यातले जुने मुसलमान. अब्बा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, दोन खोल्यांत, सहा माणसं. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि खिडकीतून रूळ. गाडी यायच्या आधी रूळ बोलायला लागतात हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं. आधी एक बारीक झिणझिण, मग खिडकीच्या गजांना कंप, मग ताटाळ्यातल्या ताटल्या. अम्मी ताटल्यांवर हात ठेवायची आणि गाडी गेली की काढायची, बोलणं न थांबवता. मालगाडी असेल तर हात बराच वेळ तिथेच राहायचा. कारखान्याच्या साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर, ताडपत्रीत बांधलेली काही धूडं उभी असायची. आत काय आहे ते सगळ्या खडकीला माहीत होतं, आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी मुंबईला निघालेली डेक्कन क्वीन जायची. खडकीकडे ढुंकूनही न बघता. काय तो तोरा! थांबायचं तर सोडाच, वेग कमी करायलासुद्धा आम्ही तिच्या लेखी कुणी नव्हतो. ती गेली की तापलेल्या लोखंडाचा वास मागे राहायचा आणि माझी ओढणी मुंबईच्या दिशेने फडफडत असायची. मला ती गाडी पकडून मुंबईला जायचं नव्हतं. हे कुणाला पटत नाही. लोकांना वाटतं, गाडी बघणाऱ्या माणसाला कुठेतरी जायचं असतं, जमलं नाही म्हणून बघत बसतो बिचारा. छे! मला कुठेच जायचं नव्हतं. ती येते कशी आणि जाते कशी, तेवढंच मला हवं होतं.

तेव्हा आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत कुणी गावाला निघालं की निम्मी लाइन स्टेशनवर सोडायला जायची. जाणारा एक, सोडणारे आठ. एकाने ट्रंक उचलायची, एकाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, एकाने सुरई भरून आणायची, उरलेल्यांनी रडायचं. मी कुठल्याही कामाला तयार असायची. शेजारच्या शेखचाचांच्या मेहुणीच्या सासूला सोडायलासुद्धा मी गेलेय, जिचं नाव मला आजतागायत माहीत नाही. लाइनीत म्हणायचे, नसीमला न्या, पोरगी मायाळू आहे. माझी माया गाडीच्या दुसऱ्या टोकाला असायची. पुणे स्टेशनवर मुंबईकडून आलेल्या गाडीचं विजेचं इंजिन सोडवायचे आणि पुढच्या प्रवासाला दुसरं जोडायचे. एक माणूस डब्याच्या टोकाशी रुळांत उतरायचा, शिट्टी व्हायची, आणि ते दुसरं धूड मागे मागे येत इतक्या हळुवारपणे टेकायचं की डब्यात बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही. कधी कधी हिंदकळायचा. मग आत शिव्या आणि बाहेर माझं हसू.

एकदा माझी धाकटी खाला, अम्मीची बहीण, सोलापूरला निघाली होती. सगळे तिच्या खिडकीशी गळे काढत होते, आणि मी इंजिनाशी. गाडी हलली तेव्हा मी दोन्ही हात उंच करून टाटा केला. खाला अजून सगळ्यांना सांगते, या कार्टीने मला नाही, इंजिनाला टाटा केला. खरं आहे. इंजिन आधी गेलं, खाला नंतर आली, तोवर माझे हात दुखायला लागले होते.

पण सोडायला रोज कोण मिळणार? आणि कुणाला सोडायला जायचं नसेल, तर बाईने स्टेशनवर जायचं कशाला? फलाटावर तुम्ही एकट्या उभ्या राहून बघा. पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, कुणाला सोडायला आलात? नाही म्हटलं तर, मग कोण येणार आहे? तेही नाही म्हटलं तर, मग कुठे निघालात? तिन्हीला नाही म्हटलंत की संपलं. समोरच्याच्या चेहऱ्यावर तुमची पूर्ण गोष्ट तयार झालेली असते. घरातून पळालेली, नाहीतर घरातून काढलेली, नाहीतर डोक्याने गेलेली. पुरुष फलाटावर दिवसभर शेंगा खात बसला तर तो नुसता बसलेला असतो.

दहावीच्या मार्चमध्ये मला कारण सापडलं. घरात स्टोव्हची फुरफुर, रेडिओ, धाकट्यांची मारामारी. लाइनीतली मुलं स्टेशनच्या दिव्याखाली अभ्यास करायची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी अम्मीला म्हटलं, मीपण जाते, उजेडीच परत येते. अम्मीने भजी तळता तळता हो म्हटलं. भजी तळताना अम्मी कशालाही हो म्हणायची.

काय महिना होता तो! दुपारचं ऊन उतरलेलं असायचं पण बाकडं तापलेलंच असायचं, पहिली काही मिनिटं भूगोलाच्या पुस्तकावर बसायला लागायचं. कडुनिंबाला नवी तांबूस पालवी आणि त्या मोहोराचा गोडसर वास, त्यात मालधक्क्यावरच्या पोत्यांचा वास, त्यात ग्रीसचा. लोणावळ्याची लोकल यायची, दुधाचे रिकामे कॅन खणखणत चढायचे. मग फलाट रिकामा व्हायचा. मग लांबून ती झिणझिण. मी इतिहासाच्या पानात बोट घालून पुस्तक मिटायची. शिकवणीला जाणाऱ्या मैत्रिणी म्हणायच्या, नसीम, तुला भीती नाही का वाटत एकटीला? वाटायची ना. सनावळ्यांची वाटायची.

आणि मग शेखचाचांनी मला बघितलं. एकदा, दोनदा, चारदा. त्यांनी अब्बांना गाठलं आणि सांगितलं, मुलगी रोज स्टेशनवर असते, पुस्तक मांडीवर आणि नजर भलतीकडे, कुणाची तरी वाट बघते, बघा बुवा, वय वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा भोंगा झाला आणि अब्बा घरी न येता सायकल घेऊन थेट स्टेशनवर आले. मुलीला कुणा मुलासोबत पकडायला आलेला बाप. डोक्यात आग. आणि तशा आगीतसुद्धा त्यांनी आधी रांगेत उभं राहून प्लॅटफॉर्म तिकीट काढलं! हे मला नंतर अम्मीकडून कळलं, आणि आजही आठवलं की हसू येतं आणि पाठोपाठ डोळे भरून येतात. माझे अब्बा असे होते. त्यांनी नियम मोडला असता तर पृथ्वी थांबली असती असं त्यांना मनापासून वाटायचं.

ते नळाच्या खांबाआड उभे राहिले. एक लोकल गेली. कुणी उतरून माझ्याकडे आलं नाही. एक एक्स्प्रेस गेली. मी उठून पार फलाटाच्या उतारापर्यंत गेले आणि परत आले. मग मालगाडी आली तशी मी उभीच राहिले, आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डने हिरवा बावटा दाखवला तेव्हा मी हात हलवला. अब्बांनी गार्डकडे नीट बघून घेतलं असणार. गार्ड त्यांच्याहून म्हातारा होता.

मग ते येऊन माझ्या शेजारी बसले. खाकी कपड्यांना कारखान्याचा वास. मी गारठलेच.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोण, अब्बा?"

"ज्याच्यासाठी रोज येतेस तो."

"कुणी नाही. मी गाड्या बघते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं पकडायला बघत होते आणि सापडत नव्हतं. मग रुळांकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"गाड्यांत काय आहे बघण्यासारखं?"

आता काय सांगू? सोळा वर्षांच्या मुलीने बापाला काय सांगावं? तेवढ्यात मुंबईकडून एक गाडी आली, न थांबता गेली, अब्बांनी टोपी धरली. ती गेल्यावर टोपीवरचा हात तसाच राहिला होता. मला वाटलं, कळलं त्यांना. अजूनही वाटतं, त्यांना थोडंसं कळलं होतं.

पण ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस. विचारलं तर अभ्यास म्हण."

दुसऱ्या दिवसापासून भोंगा झाला की अब्बा यायचे, तिकीट काढायचे आणि माझ्या मागच्या बाकड्यावर उर्दू पेपर उघडून बसायचे. पहाराच तो. शेखचाचांना त्यांनी ठणकावून सांगितलं, मीच पाठवतो तिला, घरात गडबड असते. मग कुणाची काय टाप आहे बोलायची! माझा बाप माझ्यासाठी महिनाभर रोज थकून भागून त्या तापलेल्या सिमेंटवर बसला. अशा माणसाबद्दल वाकडं बोलायला जीभ रेटत नाही. तरी बोलते. त्यांनी मला बाकडं दिलं, पण ते एक वाक्य दिलं नाही. माझी मुलगी गाड्या बघते. एवढंच तर होतं. ते त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही, आणि अब्बांवर माझा जीव असूनही त्या वाक्याचा राग मला आजही आहे.

पुढे मला बघायला लोक आले. पाहुण्यांनी विचारलं, मुलीला आवड कशाची? मी तोंड उघडणार तोच अब्बा म्हणाले, "शिवणकाम." मला साधं बटण लावता येत नव्हतं! लग्नानंतर नवऱ्याने मोठ्या विश्वासाने फाटक्या खिशाचा शर्ट पुढे केला आणि मी तो पूर्णच शिवून टाकला, खिसाही आणि त्याचं तोंडही. मग खरं काय ते सांगावं लागलं. ते इतके हसले की सासूबाई बघायला आल्या. आसिफचे, म्हणजे माझ्या मुलाचे, अब्बू चांगले होते हो. रविवारी माझ्याबरोबर स्टेशनवर यायचे, शेंगा घ्यायचे आणि रुळांकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. गाड्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. आणि लोकांनी विचारलं की तेही म्हणायचे, पाहुणे यायचेत. किती पाहुणे आले आमच्याकडे त्या काळात, जे कधी आलेच नाहीत! आम्ही घर घेतलं ते मात्र रुळांच्या कडेला, तिसऱ्या मजल्यावर. सगळ्यांनी नाकं मुरडली. खिडकी बघून मी आत स्वयंपाकघर कुठे आहे तेही विचारलं नाही. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. खिडकी आहे.

मध्ये आसिफला कंपनीने झुरिकला पाठवलं होतं. सुनेचं बाळंतपण तिथेच आलं तेव्हा मीही गेले. तो तिकडचा पानगळीचा ऋतू. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, टोपडी, सगळं घेऊन गेले. सकाळी बाळाला न्हाऊ-माखू घातलं, सुनेला जेवायला वाढलं आणि दोघी झोपल्या की मी स्वेटरवर स्वेटर चढवून स्टेशनवर. काय स्टेशन ते! आत शिरायला तिकीट नाही, कुणाची रोखटोक नाही. एवढ्या मोठ्या छपराखाली फलाटच फलाट, गाड्या नाक लावून शेजारी शेजारी उभ्या. एक निघते तोवर दुसरी आत सरकते. दुमजली गाड्या, डोंगरात जाणाऱ्या लाल गाड्या, इटलीहून आलेल्या लांब नाकाच्या. घड्याळाचा तांबडा सेकंदकाटा वर पोचला की क्षणभर श्वास घेतो आणि मगच पुढे जातो. मला तर खुळंच लागलं.

स्टेशनच्या बाहेर थोडं चाललं की एक पूल आहे. खाली इतके रूळ की नदीला जणू फाटे फुटलेत. तिथे एक म्हातारा रोज थर्मास घेऊन उभा असायचा. आम्ही एकमेकांना मान डोलवायचो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नाही. एकदा त्याने नुसतं बोटाने डावीकडे दाखवलं. मी बघितलं तर एक जुनंपानं हिरवं इंजिन एकटंच, डब्यांशिवाय, डुलत डुलत येत होतं. आम्ही दोघं ते पुलाखालून जाईपर्यंत बघत राहिलो आणि मग एकमेकांकडे बघून हसलो. त्याने मला विचारलं नाही, कुणाला सोडायला आलात. त्या संपूर्ण मुक्कामात कुणीच विचारलं नाही. पहिले काही दिवस मला पंख फुटल्यासारखं झालं होतं.

पण परत आल्यावर खडकीच्या फलाटावर पाय ठेवला आणि पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, कोण येणार आहे? आणि माझ्या मनात काय आलं सांगू? तिकडे कुणी अडवत नाही म्हणून मी बघत होते. त्यात माझी काय बहादुरी? इथे अडवतात, खोदून विचारतात, डोळे वटारतात, आणि तरी मी बघते. इथला एक तास मी कमावलेला असतो. मी त्या बाईंना म्हटलं, पाहुणे यायचेत. जुनी सवय, दुसरं काय! ताकाला जाऊन भांडं लपवायचं. जीभ आपोआप वळली आणि घरी येईपर्यंत मी स्वतःवर चरफडत होते.

आता आसिफ पुण्यात परत आलाय आणि खराडीला राहतो. ऑफिस तिथेच, घर तिथेच, नातीची शाळाही तिथेच. उंच उंच इमारती, खाली बाग, बागेत फिरायचे नियम. त्याचं म्हणणं, अम्मी, तू खडकीचं घर विकून टाक आणि आमच्याकडे ये. त्याचं चुकत नाही. माझे गुडघे बोलतात, जिन्याला लिफ्ट नाही, धूळ तर इतकी की सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी नाव लिहावं. मुलाला आईची काळजी वाटू नये तर कुणाला वाटावी? मी एकदा जाऊन राहून आले. पंधराव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहिले.

"इथून काय दिसतं रे?"

"अम्मी, व्ह्यू आहे ना! ओपन व्ह्यू."

"कशाचा?"

"ओपन."

"म्हणजे काहीच नाही."

मग मी त्याला माझं कारण सांगितलं. सरळ सांगितलं. तुझ्याकडून गाड्या दिसत नाहीत, म्हणून मी येणार नाही. तो हसला. सूनही हसली. अम्मीपण ना! त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय, खरं कारण पोटात ठेवलंय. मग दोघं मिळून खरं कारण शोधायला लागले. शेजारणीची सवय झालीय का? मशीद जवळ आहे म्हणून का? आमच्यात काही खटकलं का? मी गुडघे दुखतात म्हटलं असतं तर डॉक्टर आला असता, भीती वाटते म्हटलं असतं तर कॅमेरा आला असता. गाड्या म्हटलं तर हसू आलं. माझं एकुलतं एक खरं कारण, आणि ते कुणी मोजायलाच तयार नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "अम्मी, उद्या संध्याकाळी एक पार्टी घर बघायला येतेय. नुसतं बघू दे. आवडलं तर पुढचं बोलू." मी फोन ठेवून दिला. यंदा रमजान आणि परीक्षा एकत्रच आल्यात, उपाशीपोटी भांडण नको वाटतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी असरची नमाज पढले, खजुरांची डबी आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली, दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये घातली आणि स्टेशनवर गेले.

बाकडं आता ग्रॅनाइटचं आहे, पण तापायचं तेवढंच तापतं. कडुनिंब त्याच तांबूस पालवीत. शेजारी दोन मुली पुस्तक उघडून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. पर्समध्ये फोन वाजायला लागला. वाजू दे. मुंबईची एक एक्स्प्रेस आली, क्वीनसारखीच खडकीकडे न बघता गेली. बाई, तुझाही तोरा तसाच! फोन पुन्हा वाजला.

बाकड्यावर एक बाई येऊन बसली, पायाशी गाठोडं. वऱ्हाडातली. मुलगा चिंचवडला कारखान्यात, तो लोकलने येणार होता. थोडा वेळ माझ्याकडे बघून तिने विचारलंच.

"कोनाले सोडाले आल्या, मावशी?"

जीभ वळवळली. पाहुणे तयारच होते, नेहमीचे, न येणारे. मी म्हटलं, "कुणालाच नाही. मी गाड्या बघायला आलेय."

तिने मला खालून वर बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "घरी कोनी नाही का तुमच्या?"

"आहेत की! सगळे ठणठणीत आहेत."

तिने गाठोडं जरासं स्वतःकडे ओढून घेतलं. तेही बरोबरच. पण दूरवर डोकं हलवत मालगाडीचं इंजिन दिसायला लागलं तेव्हा तिनेच मला कोपर मारलं. "थे पाहा, हिरवं हाय."

आणि तेवढ्यात आसिफ आला. हातात हेल्मेट, ओठ रोज्याने सुकलेले, खराडीपासूनच्या सगळ्या सिग्नलचा राग तोंडावर. शेजारणीने पत्ता दिला असणार. लांबूनच त्याच्या मुठीत मला तिकिटाचा कागद दिसला.

"प्लॅटफॉर्म तिकीट काढलंस?"

"काढलं," तो म्हणाला. "अम्मी, हे काय आहे? ते लोक दारात उभे राहिले. मी तुला किती फोन केले! तू इथे काय करतेयस?"

फळं आणायला निघाले होते. पाय दुखला म्हणून टेकले. वेळ चुकली. एकाहून एक चांगली उत्तरं होती, आणि रोज्यात म्हाताऱ्या आईवर कोण रागावणार?

"गाड्या बघतेय," मी म्हटलं.

"आज?"

"रोज."

तो खाली बसला. रस्ता संपल्यासारखा बसला. मग रुळांकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, तुला अब्बूंची आठवण येते म्हणून तू येतेस इथे. मी लोकांना तसंच सांगतो."

घ्या! म्हणजे तिसऱ्या पिढीनेही माझ्यासाठी कारण शिवून ठेवलं होतं. अभ्यास, पाहुणे, आणि आता वैधव्य. मला राग आला, आणि त्याच्या त्या सुकलेल्या तोंडाकडे बघून मायाही आली. पण या वेळी मायेला मी म्हटलं, तू थांब जरा.

"आठवण येते," मी म्हटलं. "ती घरीसुद्धा येते, तिला स्टेशन लागत नाही. इथे मी गाड्या बघायला येते. लहानपणापासून. तुझ्या अब्बूंना भेटायच्या आधीपासून. मला त्या आवडतात. म्हणून ते घर घेतलं आणि म्हणून ते घर मी विकणार नाही. कारण विचारत होतास ना? हे कारण आहे. मागे सांगितलं तेव्हा तू हसलास."

तो हसला नाही. हेल्मेट या हातातून त्या हातात केलं. वऱ्हाडातली बाई गाठोड्यावर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. त्या दोन मुलींनी पुस्तक मिटलं होतं.

मालगाडी फलाटात शिरली तेव्हाच त्याचा फोन वाजला. पार्टी होती. तो उभा राहिला, पाठ केली, आणि मला ऐकू येऊ नये इतक्या खालच्या आवाजात म्हणाला, "हो, सापडली... स्टेशनवर आहे." मग थांबला. पलीकडून काय विचारलं ते मला न ऐकताच कळलं. पुण्यात त्यावर दुसरा प्रश्नच नाही. "नाही हो, कुणाला सोडायला नाही," आसिफ म्हणाला. आणि पुन्हा थांबला. तिथेच अब्बा थांबले होते. तिथेच त्याचे अब्बू थांबायचे. मालगाडीच्या वाघिणींमागून वाघिणी खडखडत जात होत्या, आणि तो वळून माझ्याकडे बघत होता.

"गाड्या बघतेय," तो म्हणाला.

पलीकडून काहीच कळलं नसावं. त्याने फोन कानाला गच्च दाबला. फलाटावरची माणसं बघायला लागली होती.

"मोठ्याने सांग," मी म्हटलं. "त्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने एकदा सगळीकडे बघितलं. आणि मग मान वर करून, गाडीच्या वरताण, सगळ्या खडकीला ऐकू जाईल असा ओरडला, "गाड्या! गाड्या बघतेय! माझी आई गाड्या बघते! घर विकायचं नाहीये!"

मालगाडी लांब होती. तो माझ्या शेजारी येऊन बसला, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही बघत बसलो.